रक्तवाहिनी बंद करणारा फुगा

रक्तवाहिनी आतूनच फुग्याने बंद करण्याच्या सुरुवातीच्या प्रयोगांपैकी एक युद्धकाळातला. कोरियन युद्धात अमेरिकी लष्करी शल्यविशारद कार्ल ह्यूज यांनी पोटातला रक्तस्राव थांबवण्यासाठी महाधमनीत फुगा फुगवला. रुग्ण वाचले नाहीत, पण 1954मध्ये त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. 1960च्या दशकात थॉमस फोगर्टी यांनी रबरी हातमोज्याच्या बोटाचे टोक कापून नळीला बांधले. गळासाठी कृत्रिम माश्या बांधण्याचा छंद इथे कामी आला! त्यांचा फुगा मात्र वाहिनीतली गुठळी ओढून काढण्यासाठी होता.

मेंदूपर्यंत फुगा पोहोचवला तो मॉस्कोच्या बुर्देन्को संस्थेतील फ्योदोर सेर्बिनेन्को यांनी. मे दिनाच्या समारंभात दोरीला बांधलेले मुलांचे फुगे पाहून ही कल्पना सुचल्याचे सांगितले जाते. लवचिक नळीच्या टोकावरचा इवलासा लॅटेक्सचा फुगा रक्तप्रवाहच पुढे वाहून नेई. काही काळ वाहिनी अडवून रुग्ण ते सोसतो का, हे आधी पाहता येई. कायम बंद करायची असल्यास आत घट्ट होणारे सिलिकॉन भरून फुगा नळीपासून सोडवत. कवटी उघडण्याची गरजच उरली नाही. 1974च्या इंग्रजी लेखात त्यांनी 300हून अधिक रुग्णांचा अनुभव मांडला, तेव्हा पाश्चात्त्य शल्यविशारद थक्क झाले.

सुटे फुगे कधी आधीच निसटत, कधी गळत. 1990च्या दशकात डॉ. गुग्लिएल्मी यांच्या प्लॅटिनमच्या वेटोळ्यांनी मेंदूतील धमनीविस्फारावरील (धमनीच्या भिंतीला आलेल्या फुगवट्यावरील) उपचारात त्यांची जागा घेतली. महाधमनीतला फुगा मात्र गंभीर रक्तस्रावात आजही वापरला जातो.