कमांडच्या आउटपुटचे शुद्धीकरण आणि मॉड्यूलची बांधणी : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
वऱ्हाडात जिनिंगमध्ये रुई सरकीपासून वेगळी होते. परंतु प्रेसिंगमध्ये गाठ बांधल्याशिवाय ती दूरच्या बाजारात जात नाही. कमांडचे आउटपुट नीटनेटके करणाऱ्या स्क्रिप्टचा इतिहासही याच दोन टप्प्यांतून गेलेला दिसतो. प्रस्तुत लेखात त्याचा संक्षिप्त आढावा घेण्यात आला आहे.

शुद्धीकरणाची परंपरा :
डग्लस मॅकिलरॉय यांच्या आग्रहावरून १९७३ मध्ये युनिक्समध्ये 'पाइप'ची सोय झाली. त्यामुळे एका कमांडचे आउटपुट दुसरीस पुरविता येऊ लागले. आहो, वाइनबर्गर व कर्निघन यांच्या 'ऑक' भाषेने १९७७ मध्ये ओळींतील रकाने निवडणे सुलभ केले. १९८७ मध्ये लॅरी वॉल यांनी 'पर्ल' प्रसिद्ध केली.

देवनागरीचा प्रश्न :
आरंभीच्या या साधनांनी एक अक्षर म्हणजे एक बाइट असे गृहीत धरले होते. यूटीएफ-८ मध्ये मात्र 'अकोला' या शब्दात ५ संकेतचिन्हे व १५ बाइट, तर 'अमरावती'मध्ये ७ संकेतचिन्हे व २१ बाइट असतात. बाइट मोजून रकाना कापल्यास अक्षर मध्येच तुटते. तसेच मराठी लोकेलमध्ये महिन्यांची नावे मराठीत येत असल्याने इंग्रजी नाव शोधणारी स्क्रिप्ट निष्फळ ठरते. पर्ल ५.८ (२००२) मध्ये युनिकोडची व्यवस्था बरीच सुदृढ झाली; तथापि तिचा योग्य वापर करणे लेखकावरच अवलंबून राहिले.

बांधणीचे महत्त्व :
पर्ल ५ ने १९९४ मध्ये मॉड्यूलची संकल्पना रूढ केली आणि १९९५ मध्ये 'सीपॅन' हे सामायिक भांडार खुले झाले. तेथील पॅकेजमध्ये मूळ कोडसोबत आवृत्ती क्रमांक, फाइलींची यादी, माहितीपत्र व चाचण्या ठेवण्याचा प्रघात पडला. १९९८ पासून स्वयंसेवक या चाचण्या निरनिराळ्या संगणकांवर चालवून अहवाल देऊ लागले. चाचणीच्या नमुन्यात 'अकोला' हा शब्द असेल, तर अक्षर तुटल्याचा दोष वापरकर्त्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच उघडकीस येऊ शकतो.

समारोप :
संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाची स्थापना १ मे १९८३ रोजी झाली. अमरावती व अकोला येथील महाविद्यालये त्याच्या परिक्षेत्रात येतात. महाविद्यालयीन प्रयोगशाळेसाठी लिहिलेली स्क्रिप्ट लिहिणाऱ्याच्या संगणकावरच राहिली, तर त्याच्या बदलीबरोबर किंवा निवृत्तीबरोबर ती नाहीशी होण्याचा धोका असतो. म्हणून विद्यार्थ्यांना स्क्रिप्ट लिहिण्याबरोबरच तिची चाचणीसह बांधणी करण्यासही शिकविणे अगत्याचे आहे. मराठी नमुन्यांची चाचणी इतर कोणी लिहील, अशी अपेक्षा आपण बाळगू नये.