खोडदच्या दुर्बिणीआधीचे एक पत्र

पुणे-नाशिक रस्त्याने मंचर मागे टाकले की नारायणगाव येते. तेथून पूर्वेस, जुन्नर तालुक्यातील खोडदच्या शिवारात ४५ मीटर व्यासाच्या जाळीदार तबकड्या दिसू लागतात. एकूण ३० तबकड्यांची ही महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, म्हणजेच जीएमआरटी. सहलीला आलेली मुले विचारतात, "ही बांधली कशी?" त्याआधीचा प्रश्न मात्र क्वचितच निघतो : एवढे मोठे काम करू द्या, हे वरिष्ठांना पटवले कसे?

या गोष्टीची सुरुवात १९६१ मध्ये झाली. परदेशात असलेल्या गोविंद स्वरूप, टी. के. मेनन, मुकुल कुंडू आणि टी. कृष्णन या चार तरुण शास्त्रज्ञांनी मायदेशातील विज्ञानसंस्थांच्या प्रमुखांना एक प्रस्ताव पाठवला. परत येऊन एकत्र काम करण्याची तयारी आणि त्यासाठी रेडिओ खगोलशास्त्राच्या गटाची मागणी, हे त्याचे सार. होमी भाभांनी जानेवारी १९६२ मध्ये तारेने होकार कळवला.

स्वरूप १९६३ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. सुरुवात लहान होती. ऑस्ट्रेलियाकडून भेट मिळालेल्या ३२ छोट्या तबकड्यांची दुर्बीण १९६५ मध्ये कल्याणजवळ सूर्याचा वेध घेऊ लागली. मग १९७० मध्ये ऊटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण पुरी झाली. खोडदसाठी मागणी करताना हे पूर्ण झालेले काम पाठीशी होते.

नव्या दुर्बिणीची बाजू तीन प्रश्नांत मावते.

काय शोधायचे? हायड्रोजनचे अणू २१ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओलहरी सोडतात. विश्व प्रसरण पावत असल्याने अतिदूरच्या ढगांकडून येणाऱ्या या लहरी ताणल्या जाऊन मीटरच्या घरात पोहोचतात.

येथेच का? मीटरलहरींना माणसाने निर्माण केलेल्या रेडिओ-गोंगाटाचा मोठा अडथळा होतो. खोडदला तो कमी होता. पुणे सुमारे ८० किलोमीटरवर. शिवाय ही जागा भूचुंबकीय विषुववृत्ताच्या पुरेशी उत्तरेस असल्याने वरचे आयनांबर बऱ्यापैकी शांत असते, आणि दक्षिण आकाशाचाही मोठा भाग दिसतो.

परवडणार कसे? मीटरलहरींसाठी गुळगुळीत पत्रा लागत नाही. दोरांवर ताणलेली बारीक तारेची जाळी पुरते. वारा तिच्यातून निघून जातो, म्हणून सांगाडा हलका होतो आणि खर्च उतरतो.

विषय न शिकलेल्या अधिकाऱ्यालाही ही उत्तरे समजतात. मात्र आत्मविश्वासाने बोलणे म्हणजे निष्कर्षाची हमी देणे नव्हे. आदिम हायड्रोजनचे जे प्रचंड ढग शोधायचे होते, ते अपेक्षेप्रमाणे सापडले नाहीत. पण दुर्बीण वाया गेली नाही. सप्टेंबर २०२० मध्ये स्वरूप यांचे निधन झाले. पुढच्याच महिन्यात, याच दुर्बिणीने ७,६५३ दीर्घिकांचे क्षीण संकेत एकत्र करून सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या हायड्रोजनचा माग काढल्याचे प्रसिद्ध झाले.

राष्ट्रीय विज्ञानदिनाच्या सुमारास खोडदला शाळांचे विज्ञान प्रदर्शन भरत आले आहे. पाहुणे समोर आले की पाठ केलेले भाषण अडखळते, हे आपण शिक्षक जाणतोच. भाषणाऐवजी मुलांकडून हीच तीन उत्तरे तयार करून घ्यावीत. आणि एक चौथेही : आपल्याला अजून काय ठाऊक नाही? ते न कचरता सांगणारा विद्यार्थी कोणाही मोठ्या माणसापुढे उभा राहू शकेल.