‘सयुक्तिक’ मार्गाची कल्पना आणि गांधीबागेतील वाटा

नागपूरच्या गांधीबागेतून इतवारीस जाण्याच्या वाटा किती, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. रस्ते बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे सरळ आखलेले मानून दोन्ही दिशांना पाच-पाच घरे घेतली, तरी तिरप्या कोपऱ्यापर्यंत लघुतम लांबीच्या वाटा २५२ होतात. एकच चौक पुन्हा लागू नये एवढीच अट ठेवली, तर ही संख्या १२,६२,८१६ वर जाते. यांपैकी बहुसंख्य वाटांनी कोणीही जाणार नाही. म्हणून वाहतुकीचे संगणकीय प्रतिरूप रचताना निवडीच्या आधी वगळणी करावी लागते. या वगळणीचा इतिहास हा पुष्कळ अंशी ‘सयुक्तिक’ या शब्दाच्या अर्थाचा इतिहास होय.

१९५२ मध्ये वॉर्ड्रॉप यांनी असे तत्त्व मांडले की, समतोल अवस्थेत वापरातील सर्व मार्गांचा प्रवासकाल सारखा असतो व न वापरलेल्या मार्गांचा त्याहून कमी नसतो. १९५९ मध्ये डाइक्स्ट्रा यांची लघुतम मार्ग काढण्याची रीत प्रसिद्ध झाली. त्या काळी सर्व वाहने एकाच लघुतम मार्गावर घालण्याची पद्धत रूढ होती. प्रत्यक्षात मात्र लोक अनेक वाटांनी जातात.

ही उणीव दूर करण्यासाठी डायल यांनी १९७१ मध्ये एक कसोटी दिली. रस्त्याचा जो तुकडा प्रवाशास आरंभस्थानापासून दूर आणि गंतव्याच्या जवळ नेतो, तोच ग्राह्य. केवळ अशा तुकड्यांचा मार्ग तो सयुक्तिक. दूर-जवळ हे लघुतम प्रवासखर्चाने मोजावयाचे. या कसोटीने गोल फेरे आपोआप गळतात, आणि मार्गांची यादी न करताही वाहनांची वाटणी होते. परंतु त्याच निबंधातील दुसऱ्या रीतीत ‘आरंभस्थानापासून दूर’ ही एकच अट राखलेली आहे. एकाच लेखनात सयुक्तिकतेच्या दोन व्याख्या असाव्यात, यावरून ती प्रवाशाच्या विवेकापेक्षा गणिताच्या सोयीशी अधिक बांधलेली होती, हे उघड होते.

गांधीबागेत या सोयीची मर्यादा दिसते. येथे कापडाचा ठोक बाजार, अरुंद गल्ल्या आणि नजीकच सेंट्रल अव्हेन्यूचा रुंद रस्ता आहे. समजा, प्रतिरूपातील प्रवासकाल मोकळ्या गल्लीचे आहेत. भर दुपारी हातठेल्यांनी गल्ली अडली, म्हणजे टेम्पोचालक उलट दिशेने रुंद रस्त्यावर येतो व वळसा घेऊन इतवारी गाठतो. त्याचा पहिलाच तुकडा गंतव्यापासून दूर नेणारा. कसोटी तो छाटते. परिणामी प्रतिरूपातील वाहने अडलेल्या गल्लीतच लोटली जातात, आणि त्या आकड्यांवर रस्ता एकेरी करण्याचा निर्णय झाला, तर त्याचा भार ठेलेवाल्यावर व दुकानदारावर पडतो.

पुढील संशोधनाने ही कसोटी अनेक अंगांनी सैल केली. लघुतम मार्गाच्या ठरावीक पटीपर्यंतचा वळसा मान्य करण्याची रीत आली. कॅसेट्टा आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये एकमेकांवर पडणाऱ्या मार्गांचा विचार सूत्रात आणला. त्याच वर्षी आकामात्सु यांनी मार्ग आधी न छाटताही वाटणी करता येते, हे दाखविले.

मराठीत ‘युक्ती’ म्हणजे तर्क, आणि युक्ती म्हणजे तोडगाही. मार्ग वगळण्याची रीत ही दुसऱ्या अर्थाची युक्ती आहे. तिला पहिल्या अर्थाचा मान द्यावयाचा, तर छाटलेल्या वाटा प्रत्यक्ष रहदारीशी ताडून पाहिल्या पाहिजेत. गांधीबागेतला वळसा असयुक्तिक ठरविण्यापूर्वी तो घेणाऱ्याचे कारण विचारणे, हे संशोधकाचे पहिले कर्तव्य ठरते.