दुष्काळाचा सातबारा

मंगळवेढ्याच्या इतिहासात दोन कथा शेजारी शेजारी उभ्या आहेत. पहिली चोखोबांची. गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळली आणि राबणाऱ्या मजुरांबरोबर चोखोबा गाडले गेले. परंपरा हे साल १३३८ सांगते. दुसरी दामाजीपंतांची. पंधराव्या शतकात, बहामनी अमलात, दुष्काळ पडला तेव्हा दामाजींनी सरकारी धान्याची कोठारे लोकांना खुली केली आणि विठ्ठलाने विठू महार होऊन त्या धान्याची रक्कम बिदरला पोचती केली. दामाजींचे औदार्य कीर्तनांतून घरोघर गेले. पण संकटकाळी ओझे वाहायचे तर देवालाही महार व्हावे लागते, याचा अन्वय किती जणांनी लावला? कोठाराची किल्ली कोणाकडे आणि पायपीट कोणाची, हे त्या कथेलाही ठाऊक होते.

सोलापूर जिल्ह्यात पाऊस साधारण साडेपाचशे मिलिमीटर. शेतकऱ्याने त्यावर तोड काढली ती रब्बी ज्वारीची: काळ्या खोल रानात मुरलेल्या ओलीवर पीक काढायचे. मोहोळचा मालदांडी ३५-१ हा वाण याच शहाणपणाचे फळ. परंतु या शहाणपणाला रान लागते. महाराच्या वाट्याला होती हाडकी-हाडोळा, तीही गावकीच्या चाकरीपोटी. ते वतन १९५८ च्या कायद्याने गेले. बाकी पोट बलुत्यावर, आणि खळे रिकामे राहिले की पहिल्यांदा तुटायचे ते बलुतेच.

१९७२ च्या दुष्काळात माझी आजी खडी फोडायला गेली. ती सांगे, जोहार न घालता रोख मजुरी हातात पडली ती तेव्हा. त्या अनुभवातून विस्तारलेल्या रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. सातबारा न मागता काम देणारा हा कायदा भूमिहीनांना मोठा आधार होता, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र आजीसारख्यांनी बांधलेल्या पाझर तलावाचे पाणी पाझरले ते विहीरवाल्यांच्या विहिरीत. आमच्या वस्तीत घागरी रांगेतच राहिल्या.

आज हवामान बदलाची चर्चा होते. पाऊस दगा देतो आणि एकाएकी कोसळतोही. २०१८ साली जिल्हा दुष्काळात होता, ऑक्टोबर २०२० मध्ये भीमेच्या पुरात. उपाय सुचवले जातात ते शेततळे, ठिबक, खोल विहीर. २०१६ च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेची अट किमान ०.६० हेक्टर जमिनीची होती. ज्याला जमीनच नाही त्याने काय मागावे? उजनीचे पाणी उसाला मिळते. ऊस तोडणाऱ्याच्या पालापर्यंत ते पोचत नाही.

दुसरी वाट नव्हतीच असे नाही. १९७२ नंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथे पाण्याचा हक्क जमिनीवर नव्हे, घरातल्या माणसांवर मोजला. भूमिहीनालाही वाटा दिला आणि ऊस वर्ज्य ठरवला. हे महाराष्ट्राच्याच मातीत घडले आहे.

१९२७ साली महाडला बाबासाहेबांनी तळ्यातल्या पाण्यावरचा माणूस म्हणून असलेला हक्क बजावला. तळ्याला हात लावण्याची बंदी कायद्याने उठली, पाण्याच्या वाटपातली उठलेली नाही. येणाऱ्या दुष्काळांची तयारी सातबाऱ्यावरूनच होणार असेल, तर त्या भिंतीखाली पुन्हा आपलीच माणसे असतील. म्हणून पाण्याचा हिशेब माणशी झाला पाहिजे, ही मागणी आपण ग्रामसभेत लेखी मांडली पाहिजे.