दुर्मिळ पक्षी-नोंदी : पडताळणी व फेरतपासणी

एखाद्या भागात सहसा न दिसणारा किंवा भलत्याच ऋतूत दिसलेला पक्षी पाहिल्याचा दावा पुराव्यावर पारखण्याची, आणि शंका आल्यास जुना निकालही पुन्हा उघडण्याची पद्धत. मावळात तिची गरज नोव्हेंबर-डिसेंबरात भासते. ईशान्य भारतातून आफ्रिकेकडे निघालेले अमूर ससाणे तेव्हा लोणावळ्याच्या आसपास दिसतात. नराबद्दल वाद होत नाही : राखाडी अंग, तांबूस मांड्या, पंखांच्या आतल्या बाजूला पांढरा भाग. मादी मात्र हॉबी या दुसऱ्या ससाण्याशी गल्लत व्हावी इतकी सारखी. पाय आणि डोळ्याभोवतीचे कडे नारिंगी असेल तर अमूर, पिवळे असेल तर हॉबी. डोंगरवाऱ्यात पाय पोटाशी घेऊन उडणाऱ्या पक्ष्याचे हे रंग नुसत्या डोळ्यांनी कोण सांगणार? म्हणून फोटो मागतात.

ई-बर्ड या पक्षी-नोंदींच्या संकेतस्थळावर प्रदेश आणि महिना यांनुसार अपेक्षित जाती व संख्या ठरवलेल्या असतात. त्या चाळणीत अडकलेली नोंद स्वयंसेवी परीक्षकाकडे जाते. तो वर्णन, छायाचित्र किंवा ध्वनिमुद्रण मागवतो. पुरावा तोकडा पडला तरी नोंद पुसली जात नाही. ती निरीक्षकाच्या यादीत राहते, सार्वजनिक नकाशावर येत नाही.

फेरतपासणीचे सर्वांत बोलके उदाहरण रानपिंगळ्याचे. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात, याच्या डोक्यावर ते जवळपास नसतात. जेम्स डेव्हिडसन यांनी १८८४ मध्ये खानदेशात मिळवलेल्या नमुन्यानंतर एकाच नमुन्याची नोंद होती : गुजरातेतील मांडवी, १९१४, रिचर्ड माइनर्ट्झहागेन. लष्करी अधिकारी, नावाजलेला पक्षितज्ज्ञ. कोण शंका घेणार? हुद्द्यालाच पुरावा मानण्याची ही खोड महागात पडली. पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी त्या नमुन्याचे कातडे तपासले, तेव्हा ते डेव्हिडसन यांचाच नमुना असल्याचे दिसले : संग्रहालयातून लांबवलेला, पुन्हा भरून शिवलेला, नवी चिठ्ठी लावलेला. हा निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधीच मांडवीची नोंद बाजूला ठेवून जुन्या खऱ्या ठिकाणांकडे शोध वळला होता, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट यांना जिवंत रानपिंगळा दिसला. पुढे मेळघाटातही तो आढळला. २०१४ मध्ये मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातून आलेली नोंद छायाचित्रासह होती.