ठेव आणि उचल : नंदुरबार जिल्हा व कन्याठेवीच्या शासकीय योजना

बालकाच्या नावे दीर्घ मुदतीची ठेव ठेवावी आणि तिच्या वृद्धीस शासनाने हातभार लावावा, ही कल्पना आपणांस अलीकडची वाटते. वस्तुतः तिची पूर्वपीठिका बरीच जुनी आहे. १८७३ च्या शासकीय बचत बँक अधिनियमातच अज्ञान व्यक्तीच्या ठेवीची रक्कम कोणास द्यावी याची तरतूद होती, आणि १८८२ मध्ये टपाल खात्याची बचत बँक सुरू होताच ही सोय देशभरातील डाकघरांपर्यंत पोहोचू लागली. आजचा नंदुरबार जिल्हा त्या वेळी अखंड खानदेशाचा भाग होता. १९०६ मध्ये खानदेशाचे विभाजन झाल्यावर तो पश्चिम खानदेशात, पुढे धुळे जिल्ह्यात राहिला आणि १ जुलै १९९८ रोजी स्वतंत्र जिल्हा झाला. तेव्हा बचतीचे खाते ही संस्था या मुलखाला नवी नाही. तरीही ती येथे खोलवर का रुजली नाही, हा प्रश्न विचारावयास हवा. प्रस्तुत लेखाचा तोच विषय आहे.

या प्रश्नाचे उत्तर प्रथम येथील श्रमाच्या रीतीत शोधावे लागते. तापीकाठच्या सुपीक पट्ट्यात सालदारीची पद्धत दीर्घकाळ चालत आली. मजुराने मालकाकडून आगाऊ रक्कम घ्यावयाची आणि वर्षभराच्या कष्टाने ती फेडावयाची, असा तो व्यवहार. १९७२ च्या सुमारास शहादा-तळोदा परिसरात श्रमिक संघटनेने जे प्रश्न हाती घेतले, त्यांत गेलेल्या जमिनींबरोबरच सालदारांच्या वेतनाचाही प्रश्न होता. आजही ऊसतोडीसाठी गुजरातेत जाणारी कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊनच घर सोडतात. उचल म्हणजे उद्याचे श्रम आज खर्ची घालणे. ठेव म्हणजे आजचे धन उद्यासाठी राखणे. ज्या कुटुंबाचा पुढील हंगाम आधीच गहाण पडलेला असतो, त्याला काटकसरीचा उपदेश करणे व्यर्थ होय. तेथे उणीव बचतीच्या वृत्तीची नसून शिलकीची असते.

या दृष्टीने पाहता, बालकांच्या ठेवीच्या योजनांत पहिला रुपया कोणी घालावयाचा, हाच निर्णायक प्रश्न ठरतो. केंद्र शासनाच्या सुकन्या समृद्धी योजनेत तो पालकांनी घालावयाचा आहे. तिचे नियम डिसेंबर २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २२ जानेवारी २०१५ रोजी पानिपत येथे 'बेटी बचाओ, बेटी पढाओ' या मोहिमेबरोबर तिचा प्रारंभ झाला. दहा वर्षांखालील मुलीच्या नावे डाकघरात वा बँकेत खाते उघडता येते. १५ वर्षे भरणा करावयाचा असून खाते २१ वर्षांनी परिपक्व होते. वार्षिक भरण्याची किमान मर्यादा आरंभी १,००० रुपये होती. २०१८ मध्ये ती २५० रुपयांवर आणण्यात आली. कमाल मर्यादा दीड लाखाची आहे. व्याजाचा दर जानेवारी २०२४ पासून ८.२ टक्के ठरविण्यात आला, आणि हे व्याज करमुक्त आहे.

किमान मर्यादा उतरविण्यामागील हेतू स्तुत्य होता, परंतु त्याचे गणित मांडून पाहावे. ८.२ टक्के हा दर कायम राहील असे धरले, तर दरसाल २५० रुपये भरणाऱ्या मुलीच्या हाती २१ वर्षांनंतर सुमारे १२ हजार रुपये पडतील. दरसाल दीड लाख भरणाऱ्या घरातील मुलीस सुमारे ७२ लाख मिळतील. शासनाचे साहाय्य व्याज व करसवलत या रूपांत असल्यामुळे, ज्याची ठेव मोठी त्यालाच ते अधिक लाभते. योजना सर्वांना समान दराने खुली आहे, हे खरे. परंतु समान दर आणि समान साहाय्य या एकच गोष्टी नव्हेत.

दुसरा प्रकार, शासनाने स्वतःच मुद्दल घालावयाचा. हरियाणाने १९९४ मध्ये 'अपनी बेटी अपना धन' या योजनेद्वारे तो अवलंबिला : मुलीच्या नावे २,५०० रुपये गुंतवावयाचे आणि अठराव्या वर्षापर्यंत ती अविवाहित राहिल्यास २५ हजार द्यावयाचे. महाराष्ट्रात १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या राज्याच्या सुकन्या योजनेत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबात जन्मलेल्या मुलीच्या नावे आयुर्विमा महामंडळात २१,२०० रुपये गुंतविण्याची तरतूद होती. अठराव्या वर्षी तिला एक लाख रुपये मिळावयाचे होते. २०१६ मध्ये ही योजना 'माझी कन्या भाग्यश्री'त विलीन झाली. १ ऑगस्ट २०१७ पासूनच्या सुधारित योजनेत, एका मुलीनंतर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया केल्यास तिच्या नावे ५० हजार आणि दोन मुलींनंतर केल्यास प्रत्येकीच्या नावे २५ हजार रुपये ठेवावयाचे ठरले. त्याच वेळी उत्पन्नाची मर्यादा साडेसात लाखांपर्यंत वाढविण्यात आली.

शिलकीविना जगणाऱ्या कुटुंबास हा दुसरा प्रकार अधिक अनुकूल होता, यात शंका नाही. मात्र त्याच्या अटी वेगळ्याच चिंतेतून जन्मल्या होत्या. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या राज्यात ८९४, जळगावात ८४२ आणि बीडमध्ये ८०७ होती. नंदुरबारात ती ९४४ होती. 'बेटी बचाओ'च्या पहिल्या शंभर जिल्ह्यांत जळगाव होते, नंदुरबार नव्हते. भिल्ल व पावरा समाजांत वरपक्षाने वधूपक्षास देज देण्याची रूढी असल्याने मुलीचा जन्म हुंड्याच्या धास्तीशी जोडला गेलेला नाही. यावरून तेथे स्त्री-पुरुष समता नांदते असा निष्कर्ष मात्र काढता येणार नाही. देजही स्त्रीच्या श्रमाचे मोलच ठरविते. परंतु मुलगी नकोशी आहे हे गृहीत धरून आखलेला उपाय येथे लागू करताना मूळ दुखणेच दृष्टीआड होते. जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण ६९ टक्क्यांहून अधिक आणि साक्षरता सुमारे ६४ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी. येथील मुलीला धोका जन्मापूर्वी नव्हे, जन्मानंतर आहे : कुपोषण, स्थलांतरात सुटणारी शाळा, लवकर होणारा विवाह. अपत्यसंख्येची अट घातली की तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाची मुलगी, बहुधा घरातील सर्वांत दुबळी, नेमकी वगळली जाते.

१ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलींसाठी 'लेक लाडकी' योजना आली आणि ठेवीची कल्पना मागे पडली. पिवळ्या व केशरी शिधापत्रिकाधारक कुटुंबांना जन्मसमयी ५ हजार, पहिलीत ६ हजार, सहावीत ७ हजार, अकरावीत ८ हजार आणि अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर ७५ हजार, असे एकूण १ लाख १ हजार रुपये यात मिळावयाचे आहेत. हप्ते शिक्षणाच्या टप्प्यांशी जोडणे योग्यच झाले. परंतु ठेव मुलीच्या मालकीची असते. हप्ता पुढील शासनाच्या अंदाजपत्रकावर अवलंबून असतो. शिवाय पहिलीचा आणि सहावीचा हप्ता शाळेच्या पटावरून ठरतो, आणि ऊसतोडीच्या हंगामात त्या पटावरील मूल सुरतेच्या बाजूस कोठेतरी पाचटाच्या कोपीत असते.

ब्रिटनने १ सप्टेंबर २००२ ते २ जानेवारी २०११ या काळात जन्मलेल्या बालकांसाठी बालविश्वस्तनिधी उभारला, तेव्हा प्रत्येकास २५० पौंड आणि गरीब घरातील बालकास त्याच्या दुप्पट रक्कम दिली. पालकांनी मुदतीत खाते न उघडल्यास करविभाग ते स्वतः उघडी. तरीही प्रौढ झालेल्या पुष्कळांना आपल्या नावे निधी आहे याची वार्ताही नव्हती. खाते उघडणे आणि ते खातेदाराच्या हाती पोहोचणे, ही दोन भिन्न कार्ये होत.

नंदुरबारला हा भेद विशेष परिचित आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक शहादा तालुक्यातील टेंभली गावी वितरित झाले. शासनाला येथील माणसाची ओळख पटविण्याचे साधन सर्वांत आधी येथेच लाभले. परंतु ओळख पटणे म्हणजे गरज कळणे नव्हे. पालकांनी शिल्लक टाकावी म्हणजे शासन व्याज देईल, ही भूमिका ज्यांच्याजवळ शिल्लक आहे त्यांनाच उपकारक ठरली. मुद्दल स्वतः घालण्याचा जो मार्ग राज्याने २०१४ मध्ये धरला, तो अटींनी आखूड झाला आणि नऊ वर्षांत सोडला गेला. उचलीवर जगणाऱ्या कुटुंबातील मुलीला कर्जाऐवजी ठेवीचा वारसा मिळावा, हे त्या मार्गाचे खरे सामर्थ्य होते. त्याची नीट परीक्षा होण्यापूर्वीच तो इतिहासजमा झाला, असा निष्कर्ष काढणे भाग आहे.