‘बोलके’वरची लाल रेघ

आंबोलीच्या चहाच्या टपरीवर सावंतवाडीकडचे आणि बेळगावकडचे प्रवासी भेटतात. जरा कान द्या. मालवणी माणूस म्हणेल, ‘येतंय म्हणान सांगल्यान’. कानडी म्हणेल, ‘बर्तेने अंत हेळिद’. बेळगावकडच्या आमच्या दखनीत, ‘आतूं बोलके बोल्या’. म्हणान, अंत, बोलके: तिन्ही शब्द ‘म्हणणे’ या क्रियेतूनच निघालेले, आणि तिन्ही निरोपाच्या मागे उभे. पुस्तकी उर्दूत मात्र उलटं: ‘उसने कहा कि…’. हा ‘कि’ फारसीतून आलेला; तो निरोपाच्या पुढे चालतो.

सांगलीजवळच्या कुपवाडवर गम्पर्झ आणि विल्सन यांचा लेख १९७१ साली आला. तिथली कन्नड, मराठी आणि उर्दू पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदून वाक्यरचनेत जवळजवळ एक झाली होती; शब्द तेवढे ज्याचे त्याचे. म्हणजे दखनी ही बिघडलेली उर्दू नव्हे, शेजाराने घडवलेली आहे.

हे मला बी.एड.मध्ये कुणी सांगितलं नाही. वहीतल्या प्रत्येक ‘बोलके’वर मी लाल रेघ मारायचो. एकदा एक मुलगा म्हणाला, ‘सर, अम्मी ऐसाइच बोलती.’ मी गप्प.

परीक्षेसाठी ‘कि’ आजही शिकवतो. रेघ मात्र मारत नाही, शेजारी ‘कि’ लिहून देतो.